मराठी याद्यांसाठी आयसीयूचा कोलेटर: एक परीक्षण

सभासदांची, ग्रंथांची किंवा गावांची यादी अकारविल्हे लावणे हे काम बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये एका ओळीत उरकता येते, आणि त्या ओळीतून बाहेर पडलेली देवनागरी यादी पहिल्या पानावर तरी बरोबरच दिसते. अडचण पुढच्या पानांवर सुरू होते. ‘इंटरनॅशनल कम्पोनन्ट्स फॉर युनिकोड’ ऊर्फ आयसीयू या मुक्त लायब्ररीतील कोलेटर हा शब्दांची तुलना करून त्यांचा क्रम ठरवणारा घटक ही अडचण सोडवण्यासाठीच बनवलेला आहे. प्रस्तुत परीक्षण त्या घटकाचे आहे. आयसीयूमध्ये दिनांक, चलन, लिप्यंतर अशी इतर बरीच साधने आहेत, त्यांचा येथे विचार केलेला नाही. मराठी मजकुराचा क्रम तो किती बरोबर लावतो आणि त्यासाठी वेळेची व स्मृतीची किती किंमत मोजावी लागते, हे दोनच प्रश्न मी समोर ठेवले आहेत.

या लायब्ररीची मुळे ॲपल आणि आयबीएम यांच्या टॅलिजंट या संयुक्त कंपनीच्या कामात आहेत. आयबीएमने १९९९ मध्ये ती मुक्त स्रोत म्हणून खुली केली आणि २०१६ पासून ती युनिकोड ही जगभरच्या लिपींची संकेतप्रणाली ठरवणाऱ्या युनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली विकसित होत आहे. सी व सी प्लस प्लससाठी एक आणि जावासाठी एक अशा तिच्या दोन मुख्य आवृत्त्या आहेत. ती विनामूल्य आहे. किंबहुना अनेक वाचक ती नकळत वापरतच असतात: क्रोमचे जावास्क्रिप्ट इंजिन, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी नोड ही प्रणाली, विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्या आणि अँड्रॉइड ७ पासूनचे फोन या सर्वांत ती आधीपासून बसवलेली आहे. त्यामुळे ‘घ्यावी की नाही’ यापेक्षा ‘कशी वापरावी’ हा प्रश्न अधिक व्यवहार्य ठरतो.

कोलेटर न वापरता नुसती बाइटांची तुलना केली तर मराठीत नेमके काय बिघडते, हे आधी पाहिले पाहिजे, कारण बिघाड लहान आहे आणि म्हणूनच तो उशिरा ध्यानात येतो. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर आधारलेला आहे आणि त्यातील अक्षरांची मांडणी वर्णमालेच्या बरीच जवळ जाते. अनुस्वार व विसर्ग यांचे क्रमांक सर्वांत आधी, मग स्वर, मग व्यंजने, मग काना-मात्रा आणि शेवटी हलन्ताचे चिन्ह असा तो क्रम असल्यामुळे ‘कं’ने सुरू होणारे शब्द आधी, मग ‘कक’, ‘कच’, मग ‘का’, ‘कि’, आणि ‘क्र’, ‘क्ल’ यांसारखी जोडाक्षरे सर्वांत शेवटी, हा कोशांतला परिचित क्रम कोणताही खटाटोप न करता मिळतो. यूटीएफ-८ या, युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीतील बाइटांचा क्रम आणि युनिकोड क्रमांकांचा क्रम एकच असतो, त्यामुळे सी भाषेतील साधी बाइटवार स्मृतितुलनाही येथपर्यंत चालून जाते. पहिली काही पाने तपासून समाधान मानणाऱ्या प्रोग्रामरला दोष देता येणार नाही.

पण ‘ळ’ हे अक्षर या मांडणीत ‘ल’च्या लगेच पुढे आहे आणि मराठी वर्णमालेत ते ‘ह’च्या नंतर येते. त्यामुळे बाइटांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘काल, काळ, कावड, काशी, कास, काही’ असा क्रम येतो, तर मराठी वाचक ‘काळ’ हा शब्द ‘काही’नंतर शोधतो. छोट्या यादीत हे खपून जाते. पाच-सहा हजार आडनावांच्या छापील सूचीत मात्र ‘काळे’ आडनावाचा माणूस स्वतःचे नाव जिथे शोधतो तिथे ते नसते. दुसरे उदाहरण ‘ॲ’चे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याला विभागाच्या शेवटाकडची मोकळी जागा मिळाली, त्यामुळे ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’, ‘ॲप’ हे शब्द ‘हौस’ आणि ‘ह्रस्व’ यांच्याही खाली जाऊन बसतात. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ स्वरांमध्ये आहेत. बाइटांना त्याची खबर नाही.

आयसीयूचा कोलेटर युनिकोडच्या तुलनापद्धतीवर चालतो. प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक देण्याऐवजी ही पद्धत त्याला वेगवेगळ्या पातळ्यांवर वजने देते. पहिल्या पातळीवर मूळ अक्षर, दुसऱ्या पातळीवर त्यावरील खुणा, तिसऱ्या पातळीवर रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांसारखे बारीक भेद. दोन शब्दांची तुलना करताना आधी संपूर्ण शब्द पहिल्या पातळीवर ताडून पाहिले जातात, आणि तिथे बरोबरी झाली तरच पुढची पातळी विचारात येते. सर्व लिपींसाठी एक सामायिक मूळ तक्ता आहे आणि त्यावर प्रत्येक भाषेचे स्वतःचे फेरबदल रचलेले असतात. मराठीचे फेरबदल थोडेच आहेत, पण त्यांच्यावाचून चालत नाही: ‘ळ’ला ‘ह’नंतर नेणे, अनुस्वार व विसर्ग यांना अक्षरांच्या बरोबरीचा दर्जा देणे, आणि मिश्र यादीत देवनागरी नावे रोमन नावांच्या आधी ठेवणे.

येथेच पहिला धोक्याचा इशारा द्यावा लागतो. लोकेल (म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड) म्हणून मराठीचा उल्लेख न करता, सर्व्हरच्या इंग्रजी मूलस्थितीवर कोलेटर उघडला, तर तो मूळ तक्ता वापरतो, आणि मराठीपुरता तो तक्ता बाइटांच्या क्रमापेक्षाही वाईट आहे. ‘ळ’ पुन्हा ‘ल’च्या मागे जातो आणि अनुस्वार ही केवळ दुसऱ्या पातळीवरची खूण ठरते, म्हणजे ‘मांडी’ हा शब्द ‘माकड’च्या आधी येण्याऐवजी ‘माडी’च्या शेजारी जातो. त्यातच कोणी शोध सैल व्हावा या हेतूने तुलना पहिल्या पातळीपुरती मर्यादित केली, तर ‘माडी’ आणि ‘मांडी’ हे दोन्ही शब्द एकच मानले जातात. ‘रंग’ आणि ‘रग’ यांचेही तेच. ज्यांनी आयसीयू वापरून पाहिली आणि ‘मराठीत काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढला, त्यांच्यापैकी अनेकांनी लोकेलची ही एक सूचना दिलेली नसावी, असा माझा कयास आहे.

क्रमाची बाजू इथवर मांडून आता वेगाकडे वळतो, कारण या घटकाविषयी सर्वाधिक तक्रार वेगाबद्दलच होते आणि ती अर्धीच खरी आहे.

तुलनेवर आधारलेली कोणतीही चांगली क्रमवारी पद्धत एक लाख नावे लावताना सुमारे सोळा-सतरा लाख तुलना करते. म्हणजे प्रत्येक नाव सरासरी तीसएक वेळा कोणाच्या ना कोणाच्या समोर उभे राहते. बाइटांची तुलना असेल तर हा खर्च नगण्य असतो. कोलेटरकडून तुलना करवून घेतली की प्रत्येक वेळी त्या नावाची अक्षरे तक्त्यात पाहून वजने काढली जातात, आणि तेच काम तीस वेळा होते. आयसीयू यावर दोन वाटा देते. एक वाट थेट तुलनेची. दुसरी वाट सॉर्ट-कीची: प्रत्येक नावाची सगळी वजने एकदाच काढून त्यांची एक बाइटमालिका बनवायची, आणि मग त्या मालिकांची साधी स्मृतितुलना करायची. दोन सॉर्ट-की बाइटवार ताडल्या की मिळणारे उत्तर आणि कोलेटरने थेट दिलेले उत्तर एकच असते, ही हमी या रचनेचा पाया आहे.

दुसरी वाट सदैव श्रेष्ठ असे मात्र नाही. थेट तुलना करताना आयसीयू आधी दोन्ही स्ट्रिंगांचा (म्हणजे अक्षरमालिकांचा) अगदी सारखा असलेला आरंभीचा भाग झपाट्याने ओलांडते, आणि नंतर पहिल्या पातळीवर जिथे फरक सापडेल तिथेच थांबते. ‘अनंत’ आणि ‘विठ्ठल’ यांची तुलना पहिल्याच अक्षरावर संपते. सॉर्ट-कीला ही सवलत नाही. तिला पूर्ण स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचावी लागते आणि तिन्ही पातळ्यांची वजने लिहून काढावी लागतात. शिवाय ती साठवायला जागा लागते, जी मोठ्या यादीत मूळ मजकुराच्या बरोबरीने वाढते. त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या दोन-तीनशे नोंदींच्या यादीसाठी थेट तुलना पुरेशी आहे आणि तीच सोपी आहे. हजारो नोंदी एका वेळी लावायच्या असतील, किंवा तीच यादी पुन्हा पुन्हा लावायची असेल, तर सॉर्ट-की बनवून ठेवणे फायद्याचे. यांच्या मधल्या पट्ट्यात स्वतःचा डेटा घेऊन मोजून पाहावे, कारण नावे किती लांब आहेत आणि त्यांचा आरंभ किती सारखा आहे यावर उत्तर अवलंबून असते.

आरंभ सारखा असण्याचा मुद्दा मराठी डेटामध्ये वारंवार येतो. संस्थांची यादी घेतली तर शेकडो नावे ‘महाराष्ट्र राज्य’ या शब्दांनी सुरू होतात, सहकारी संस्थांच्या यादीत गावाचे नाव आणि ‘विविध कार्यकारी सहकारी’ हे शब्द अनेकदा जसेच्या तसे येतात, आणि खरा फरक विसाव्या-पंचविसाव्या अक्षरावर असतो. अशा यादीत साधी क्विकसॉर्ट किंवा मर्जसॉर्ट प्रत्येक तुलनेत तोच आरंभ पुन्हा वाचते. बेंटली आणि सेजविक यांनी १९९७ मध्ये मांडलेली बहुकळ क्विकसॉर्ट ही पद्धत स्ट्रिंगांना एकेका बाइटाच्या स्थानावर तीन गटांत वाटते आणि एकदा सारखा ठरलेला आरंभ पुन्हा पाहत नाही. ती सॉर्ट-कीच्या बाइटमालिकांवर जशीच्या तशी लावता येते. आयसीयू स्वतः क्रमवारी लावत नाही, फक्त तुलना आणि किल्ल्या (सॉर्ट-की) पुरवते, ही मर्यादा म्हणून सांगता येईल. मला ती सोयीची वाटते, कारण क्रमवारीची पद्धत डेटा पाहून निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे राहते.

सॉर्ट-कीचा आणखी एक फायदा देवनागरीत रोमनपेक्षा जास्त जाणवतो. आधुनिक प्रोसेसरवर क्रमवारीचा बराचसा वेळ स्मृतीत विखुरलेल्या स्ट्रिंगांपर्यंत पोहोचण्यात जातो, आणि म्हणून अनेक प्रणाली प्रत्येक स्ट्रिंगचे पहिले आठ बाइट तिचा पत्ता सांगणाऱ्या सूचकासोबतच ठेवून शक्यतो तेवढ्यावरच निकाल लावतात. इंग्रजी मजकुरात आठ बाइट म्हणजे आठ अक्षरे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यातला पहिला बाइट सर्वांचा एकच असतो आणि दुसऱ्याच्या केवळ दोन किमती संभवतात. म्हणजे आठ बाइटांत जेमतेम अडीच चिन्हे मावतात, काना-मात्रा धरून, आणि त्यातही अर्ध्याहून अधिक बाइट जवळजवळ काहीच सांगत नाहीत. आयसीयूची सॉर्ट-की लिपी दर्शवणारा बाइट प्रत्येक अक्षरामागे पुन्हा लिहीत नाही, त्यामुळे तेवढ्याच आठ बाइटांत ओळखीची माहिती कितीतरी अधिक बसते. मराठी नावांची मोठी यादी लावताना कोलेटर हा केवळ खर्च नसून काही अंशी बचतही ठरू शकतो, ही गोष्ट पुरेशी माहीत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हाच विचार ९.५ आवृत्तीत संक्षिप्त किल्ल्यांच्या रूपाने आला. पण लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीत थेट तुलना आणि किल्ल्यांची तुलना काही लोकेलमध्ये परस्परांशी जुळत नसल्याचे उघड झाले आणि ९.५.२ मध्ये बाइटक्रमाचे ‘सी’ लोकेल वगळता इतर सर्व लोकेलांसाठी ही सोय बंद करावी लागली. पोस्टग्रेस १० पासून आयसीयूची कोलेशन (क्रमाचे नियमसंच) वापरता येऊ लागली, तेव्हा किल्ल्यांवर विसंबता येत असल्यामुळे ही सोय त्यांच्यासाठी पुन्हा मिळाली. पोस्टग्रेस १५ पासून तर संपूर्ण डेटाबेसचे मूळ कोलेशनच आयसीयूचे ठेवता येते. ज्यांच्याकडे मराठी मजकुराचे मोठे तक्ते आहेत त्यांनी निदान नाव आणि शीर्षक या रकान्यांसाठी मराठी आयसीयू कोलेशन द्यावे. खाते क्रमांक, संकेतांक, ईमेल पत्ते अशा ज्या रकान्यांचा क्रम माणूस वाचणार नाही, त्यांना मात्र बाइटांचे ‘सी’ कोलेशनच योग्य. सर्व रकान्यांना एकच कोलेशन लावण्याची सवय ही मंदपणाच्या तक्रारींमागची एक मोठी गोष्ट आहे.

भाषांच्या पातळीवर अनुभव एकसारखा नाही. पायथॉनमध्ये आयसीयूचा पूल म्हणून पायआयसीयू उपलब्ध आहे, आणि पायथॉनची क्रमवारी प्रत्येक घटकाची किल्ली एकदाच काढून ठेवत असल्यामुळे तिला सॉर्ट-की काढणारे फंक्शन दिले की सर्वोत्तम रचना आपोआप मिळते. तिथली टिमसॉर्ट ही पद्धत टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिली. आधीच क्रमाने लागलेले तुकडे ती ओळखते, म्हणून लावलेल्या यादीच्या शेवटी नवीन नावे जोडून पुन्हा लावणे तिथे स्वस्त पडते. जावामध्ये मूळ भाषेसोबत येणारा जुना कोलेटर आणि आयसीयूचा कोलेटर यांची नावे सारखीच आहेत, त्यामुळे कोणता आयात केला हे तपासून घ्यावे. आयसीयूचा कोलेटर अनेक धाग्यांतून (एकाच वेळी चालणाऱ्या कामांतून) वापरायचा असेल तर आधी तो गोठवून ठेवावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये तुलनेचे फंक्शन लिहिताना प्रत्येक वेळी स्ट्रिंगवरील ‘लोकेलकम्पेअर’ला लोकेल देण्यापेक्षा ‘इंटल कोलेटर’ची एक वस्तू बाहेर बनवून तिचेच तुलना-फंक्शन द्यावे, मोठ्या यादीत फरक स्पष्ट दिसतो. मात्र सॉर्ट-की मिळवण्याचा कोणताही मार्ग जावास्क्रिप्टमध्ये नाही, ही उणीव मला सर्वाधिक खटकते. नोड वापरणाऱ्यांनी आवृत्ती १३ किंवा पुढची आहे याची खात्री करावी, कारण त्याआधीच्या मूळ संचात केवळ इंग्रजीचा डेटा असे आणि मराठी मागितली तरी निमूटपणे मूळ तक्ता वापरला जाई.

सी भाषेतून वापरणाऱ्यांना आयसीयू जुन्या वळणाची वाटेल. प्रत्येक फंक्शनला त्रुटीच्या चलाचा पत्ता द्यावा लागतो, आणि आधीच्या पायरीवर त्रुटी आली असेल तर पुढची फंक्शने काही न करता परततात, त्यामुळे तो चल न तपासणारा प्रोग्राम चुकीची यादी अगदी शांतपणे छापतो. सगळी रचना यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवणपद्धतीभोवती उभारलेली आहे. यूटीएफ-८ मजकुराची थेट तुलना करणारे फंक्शन आहे, पण सॉर्ट-की काढण्यासाठी बहुधा रूपांतर करून घ्यावे लागते. कोलेटर उघडणे हे त्यातले महागडे काम आहे. तो पुनरावृत्तीच्या चक्राच्या आत उघडू नये हे वेगळे सांगायला नको, तरी इतरांचा कोड वाचताना ही चूक बऱ्याचदा दिसते. २०१४ च्या ५३ व्या आवृत्तीत कोलेटरचा गाभा नव्याने लिहिला गेला आणि रोमन लिपीसाठी खास जलद मार्ग ठेवला गेला. देवनागरीला तो मार्ग नाही. इंग्रजी नावांवर केलेली वेगाची मोजणी पाहून मराठी नावांविषयी अंदाज बांधू नये, याचे हे एक कारण.

आता अशा काही बाबी, ज्यात कोलेटर बरोबर वागतो पण परिणाम अनपेक्षित असतो. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित झालेला आढळतो: काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तोच आकार घडवतात. युनिकोडच्या तुलनापद्धतीत ते अदृश्य जोडचिन्ह कोणत्याही पातळीवर मोजले जात नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रकाराने टंकित केलेला ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे दोन शब्द कोलेटरच्या लेखी पूर्णपणे समान ठरतात. क्रम लावताना यातून फारसे बिघडत नाही. पण कोणी कोलेटरच्या ‘समान’ या उत्तरावर दुहेरी नोंदी वगळल्या, तर दोन वेगळ्या अर्थांचे शब्द एक होऊन जातील. पोस्टग्रेस मूलतः अशा बरोबरीत बाइटांवर निकाल लावते, आणि १२ व्या आवृत्तीपासून मुद्दाम मागितली तरच सैल समानता देते. स्वतः लिहिलेल्या कोडमध्येही हीच शिस्त असावी. क्रमासाठी कोलेटर, समानतेसाठी व हॅशसाठी एका प्रमाण रूपात आणलेल्या मजकुराची बाइटतुलना. एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे: ‘ऱ’ एका क्रमांकाने साठवलेला असो किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनी, कोलेटर त्यांना एकच मानतो, जे बाइटांच्या तुलनेला जमत नाही.

‘पंडित’ आणि ‘पण्डित’ मात्र तो एकत्र आणणार नाही. पहिला ‘प’च्या घरात अगदी वर आणि दुसरा ‘पण’च्या ओळीत, बराच खाली. जुन्या ग्रंथांच्या सूचीत दोन्ही लेखनपद्धती हमखास असतात आणि त्यांचा मेळ घालणे हे कोलेटरचे नव्हे, सूचीकाराचे काम आहे. नावाआधीचे ‘श्री.’, ‘डॉ.’, ‘कै.’ काढून टाकणे, आडनाव आधी घेणे, हेही आपले आपणच करायचे.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे स्थान हा वेगळाच विषय आहे. शाळेतल्या वर्णमालेत ती शेवटी येतात. जोडाक्षर म्हणून पाहिले तर ती ‘क’ आणि ‘ज’च्या घरात बसतात, आणि दोन्ही बाजूंनी बोलणारे जाणकार भेटतात. या बाबतीत तयार लोकेलवर विसंबून न राहता स्वतःचा नियम लिहावा, असे मी सुचवेन. आयसीयूची नियमभाषा सुटसुटीत आहे: ‘&ह < ळ < क्ष < ज्ञ’ एवढी एक ओळ लिहिली की ही तिन्ही अक्षरे त्या क्रमाने शेवटी जातात, आणि ‘&ह < ळ’ एवढेच ठेवले तर जोडाक्षरे आपापल्या मूळ घरात राहतात. स्वतःचे नियम मूळ तक्त्यावर रचले जातात, त्यामुळे अनुस्वारासाठी ‘&ॐ < ं << ँ < ः’ ही ओळही सोबत द्यावी लागते, नाहीतर ‘मांडी’चा वर सांगितलेला घोटाळा परत येतो. या सोयीला थोडी किंमत आहे. ‘क्ष’ला एक अक्षर मानायचे ठरले की प्रत्येक ‘क’पाशी थांबून पुढे हलन्त आणि ‘ष’ आहे का हे पाहावे लागते, आणि ‘क’ हे मराठीत पावलोपावली येणारे अक्षर आहे. सॉर्ट-की एकदाच बनवत असाल तर हा फरक मनावर घेण्याजोगा नाही.

आकड्यांची सोय मात्र उत्तम. मूलस्थितीत ‘प्रभाग १०’ हा ‘प्रभाग २’च्या आधी येतो, आणि अंकीय तुलनेचा पर्याय चालू केला की सलग अंकांचा गट एक संख्या म्हणून धरला जातो. देवनागरी ‘५’ आणि आंतरराष्ट्रीय ‘5’ पहिल्या पातळीवर सारखेच असल्यामुळे अर्धी यादी एका अंकांत आणि अर्धी दुसऱ्या अंकांत असली तरी क्रम मोडत नाही. जमिनीच्या गट क्रमांकांच्या याद्यांत, जिथे ‘१२/३अ’ आणि ‘१२/१०’ शेजारी येतात, हा पर्याय एकटाच बरेचसे हाताने लिहायचे कोड वाचवतो.

सर्वांत गंभीर सावधगिरी आवृत्त्यांची. कोलेशनचा डेटा स्थिर नसतो. नवीन अक्षरे येतात, भाषांचे नियम सुधारले जातात. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ आली तेव्हा तिच्यातील क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला, आणि जुन्या क्रमाने बांधलेले पोस्टग्रेसचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) नव्या यंत्रणेवर चुकीचे ठरले: नोंद तक्त्यात असूनही शोधात सापडत नसे. आयसीयूही या धोक्यातून मुक्त नाही, आणि एका आवृत्तीत बनवलेल्या सॉर्ट-की दुसऱ्या आवृत्तीतल्या सॉर्ट-कींशी ताडू नयेत असे तिच्या दस्तऐवजांत स्पष्ट बजावलेले आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आयसीयू कोलेटरची आवृत्ती विचारण्याचे फंक्शन देते, पोस्टग्रेस ती नोंदवून ठेवते आणि बदल दिसल्यास इशारा देते, आणि कार्यप्रणाली बदलली तरी आयसीयूची जुनी आवृत्ती सोबत बांधून नेता येते. सॉर्ट-की डेटाबेसमध्ये साठवणाऱ्याने शेजारच्या रकान्यात आवृत्तीही साठवावी आणि ती बदलताच सर्व किल्ल्या नव्याने काढाव्यात.

आकाराची तक्रार रास्त आहे. सर्व भाषांचा डेटा धरून संच सुमारे तीस मेगाबाइटांपर्यंत जातो, जे सर्व्हरवर क्षुल्लक असले तरी लहान ॲपमध्ये बोचते. २०१९ च्या ६४ व्या आवृत्तीपासून हव्या त्याच लोकेलांचा डेटा गाळून घेण्याचे साधन मिळते. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मूळ तक्ता एवढेच ठेवले तर बोजा बराच हलका होतो. दस्तऐवज सविस्तर आहेत, पण इंग्रजीतच आहेत, आणि पर्यायांची नावे समजायला वेळ लागतो. घड्याळे व लहान उपकरणे समोर ठेवून रस्ट भाषेत लिहिलेल्या आयसीयू४एक्स या नव्या लायब्ररीची १.० आवृत्ती २०२२ मध्ये आली. नवीन काम रस्टमध्ये सुरू करणाऱ्यांनी आधी तिच्यातील कोलेटर पाहावा. चालू असलेल्या सी किंवा जावा प्रकल्पांनी केवळ आकारासाठी तिच्याकडे धाव घेण्याचे कारण नाही, डेटा गाळून त्यांचे काम भागते.